पाचशे बारा चिन्हे

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागातील त्या घरात संगणक बंद पडला तेव्हा बाहेर आषाढाचा पाऊस होता. आतला पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागत होता. पडदा मात्र काळा, आणि खोक्यातून पुन्हापुन्हा एक लांब शीळ येत होती. वृद्ध गृहस्थांनी ती ओळखली. स्मृतीची पट्टी खाचेत नीट बसलेली नाही, एवढेच ती सांगत होती. त्यांनी झाकण काढले, पट्टी उपसली, तिच्या सोनेरी कडेवरून शाळकरी खोडरबर फिरवला, पुन्हा दाबून बसवली. यंत्र सुरू झाले. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला खोडरबराचा हा उपयोग फार आवडला.

ते मूळचे सोलापूरकडचे, मराठी शाळेतले शिक्षक. म्हैसुरात १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. त्याच्या दक्षिण विभागीय भाषा केंद्रात शिक्षकांनी दहा महिने राहून कन्नड शिकावे, अशी सोय होती. ते कन्नड शिकायला आले आणि इथल्याच एका जुन्या मराठी घराचे जावई झाले. पत्नीचे मराठी चार-पाच पिढ्या कन्नडाच्या शेजाराने वाढलेले. कोशिंबिरीला ती कोसंबरी म्हणे, आमटीला हुळी. मास्तर तिचे शब्द दुरुस्त करीत. ती दुरुस्ती मुकाट्याने ऐके आणि पुन्हा आपलेच म्हणे. पुढे केव्हातरी, आपल्या तोंडचे तूप आणि अडकित्ता हे शब्दही कन्नडातूनच आलेले, हे वाचनात आले, आणि दुरुस्ती थांबली. त्या दिवसापासून ते तिचे शब्द टिपू लागले. उशीर झाला होता, पण फार नव्हे.

१९९९ साली घेतलेल्या या संगणकात त्यांनी एक जिस्ट कार्ड बसवून घेतले होते. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेल्या या कार्डामुळे साध्या पडद्यावर देवनागरी उमटे. अक्षरे साठवली जात ती १९९१ च्या इस्की या भारतीय मानकाप्रमाणे. हे कार्ड ज्या जुन्या, लांब खाचेत बसे ती खाच पुढच्या संगणकांतून नाहीशी झाली; म्हणून हा संगणक टाकून देणे म्हणजे शब्दसंग्रहाची खिडकी बुजवणे, असे त्यांना वाटे. पत्नी गेल्यावर तर ते वाटणे अधिकच घट्ट झाले. संग्रहाची छापील प्रत कधी निघाली नाही. शेवटचा हात फिरवून मग काढू, असे ते म्हणत.

पट्टीनंतर घड्याळाची पाळी आली. दर सकाळी यंत्र जुनाच सन दाखवी. नाण्याएवढी बॅटरी बदलली आणि ते वर्तमानात आले. मग वीस मिनिटांनी आपोआप बंद पडणे सुरू झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. सगळे सुटे भाग काढून त्यांनी आधी वीजपुरवठ्याची पेटी तपासली: हिरवी तार काळीला एका यू-पिनेने जोडली की ती एकटीच चालू होते, मग मीटर लावून पाच व्होल्टची तार पाच दाखवते का ते पाहायचे. पेटी निर्दोष निघाली. दोष निघाला मुख्य फलकावर. प्रोसेसरजवळच्या तीन कपॅसिटरांची डोकी फुगली होती, एकाच्या माथ्यावर तपकिरी पापुद्रा धरला होता. शतक पालटण्याच्या सुमारास निकृष्ट द्रव भरलेले असे कपॅसिटर जगभर विकले गेले आणि काही वर्षांनी एकेक फुगत गेले. बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने डाग देऊन नवे तिन्ही बसवून दिले, आणि यंत्र दिवसभर चालू लागले.

चूक इथेच होती, आणि ती यंत्राची नव्हती. निदानाचा क्रम निर्दोष होता, फक्त त्याची सुरुवात चुकली होती. पहिली शीळ ऐकली त्याच दिवशी तबकडी काढून तिची नक्कल करून घ्यायला हवी होती. इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने कधीचीच उपलब्ध होती. ते यंत्र वाचवीत राहिले. प्रत्येक चाचणीसाठी पंचवीस वर्षांची ती तबकडी थांबत होती आणि पुन्हा फिरत होती. श्रावणात तिच्यातून टक्‌टक्‌ ऐकू आले. त्या आवाजावर खोडरबर चालत नाही.

नातवाने तबकडी आपल्या संगणकाला जोडली. नक्कल उतरायला एक रात्र गेली. जवळजवळ सगळे आले. संग्रहातले सात खंड मात्र वाचता आले नाहीत. एक खंड पाचशे बारा बाइटांचा, आणि इस्कीत बहुतेक एका चिन्हाला एक बाइट. म्हणजे खंडामागे पाचशे बारा चिन्हे, अर्थासकट दहा-बारा नोंदी. नव्या पडद्यावर स्वच्छ देवनागरीत ‘कोवळा’ आला आणि त्याखाली कोरी जागा. पुढची नोंद थेट ‘कौल’.

मास्तरांनी कागद घेऊन पहिल्या ओळीवर ‘कोसंबरी’ लिहिले. मग ‘कोळंबी’ लिहून खोडले. तो तिचा नव्हे, त्यांचाच शब्द होता. तासाभरात चार शब्द आठवले. संध्याकाळी त्यांनी नंजनगूडला मेहुणीला फोन लावला आणि को पासूनचे घरातले शब्द विचारले.

“लिहून घेता ना, भावोजी?” ती म्हणाली. “नंतर दुरुस्त करायचे नाहीत हं.”