धान निघाल्यावरचे चार महिने

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी हिरडामाली, गोंगले, सौंदड अशी स्टेशनं घेत दक्षिणेकडे निघाली की दोन्ही अंगांची जमीन लहान लहान बांध्यांत वाटलेली दिसू लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने टाकलेला हा छोट्या गाडीचा मार्ग नव्वदच्या दशकात मोठा झाला. गाड्यांचा वेग वाढला, पण खिडकीबाहेरचं वेळापत्रक धानाचंच राहिलं. बाराभाटी मागे पडलं की अर्जुनी. महामार्गावरची सडक अर्जुनी वेगळी, हे नवख्याने तिकीट काढण्याआधीच ध्यानात ठेवावं. ही अर्जुनी मोरगावला खेटून आहे आणि दोघींचं मिळून तालुक्याचं गाव झालं आहे. १९९९ च्या मे महिन्यात गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत त्याचा कारभार भंडाऱ्याहून चाले. डिसेंबरात इथे उतरावं. तेव्हा बांध्यांत कापलेल्या धानाचे खुंट उरलेले असतात, पुंजणे मोडून मळणी उरकत आलेली असते, आणि चौकाचौकांतल्या फलकांवर एकाच दमात दोन गोष्टी जाहीर होतात: दिवसा जंगी इनामी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री संगीत नाटक.

या फलकांवर वर्षानुवर्षांचे विजेते नसतात, गुणतक्ता तर नसतोच. एखाद्या शहरातल्या साखळी स्पर्धेचा इतिहास लिहिणं त्या मानाने सोपं. सिडनीत रग्बी लीग १९०८ साली सुरू झाली. खेळताना जखमी झालेल्या कामगाराची बुडालेली मजुरी कोण भरून देणार, या भांडणातून ती जन्मली होती. त्या पहिल्याच हंगामाचं शेवटचं पान आजही उघडून दाखवता येतं: २९ ऑगस्टला साउथ सिडनीने ईस्टर्न सबर्ब्सला १४–१२ असं हरवलं. तिथे क्लब कायम असतो, म्हणून नोंदही कायम राहते. पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत, क्लब नाही. गावाची समिती दरवर्षी नव्याने वर्गणी काढते, बक्षिसं ठरवते, जागा सपाट करते आणि पट संपला की आपापल्या कामाला लागते. बैलजोड्या येतात भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतून, अगदी बालाघाटाकडूनही. मग अशा स्पर्धेचा हंगाम मोजायचा कशाने? माझं म्हणणं असं की तो विजेत्यांवरून मोजता येत नाही, शर्यतींवरूनही येत नाही. तो मोजावा लागतो धान घरात आल्यापासून होळीपर्यंतच्या मोकळ्या दिवसांवरून, आणि त्या दिवसांत कोण कोणाच्या घरी जेवायला गेलं यावरून. पट हे त्या हंगामाचं सर्वांत गाजणारं निमित्त आहे. हंगाम त्याच्याहून मोठा आहे.

हा मोकळा वेळ पाण्याने घडवला. नवेगाव बांधचा तलाव याच तालुक्यात आहे. डोंगरांच्या मधली खिंड अडवून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं गॅझेटिअर सांगतं. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून पर्यटक इथे पक्षी पाहायला येतात, पण बांध घातला गेला तो धानासाठी. जमीनदारांच्या काळातल्या अशा मालगुजारी तलावांनी पावसाच्या खंडात पीक वाचवलं आणि एका खात्रीच्या हंगामावर गावं वसवली. रोवणीपासून मळणीपर्यंत माणसाला मान वर करायला फुरसत नसते, आणि नंतर एकदम हात रिकामे होऊन कोठी भरलेली असते. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. पाहुणा दिवसा पटावर आणि रात्री नाटकाच्या मंडपात रमतो. बांधीतच खड्डा खोदून, माती उतरती करून बसायची सोय केलेली असते. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेच्या थंडीत संपतं. त्यामुळे पाहुण्याला रात्रीचा मुक्कामही वेगळा शोधावा लागत नाही.

हंगाम पटाहून मोठा आहे हे केवळ अनुमान नव्हे, हे दाखवणारा एक पडताळा न्यायालयाने नकळत घडवून आणला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही थांबवल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पाहिली, पण उच्च न्यायालयाने ऑगस्टात परवानग्या रोखल्या. म्हणजे सलग काही हिवाळे अधिकृत पट नाही. शर्यत हाच हंगामाचा कणा असता तर नाटकंही बंद पडली असती. तसं झालं नाही. अर्जुनीहून पुढच्या टप्प्यावरचं वडसा ही नाटक मंडळ्यांची पेठ. तिथल्या कार्यालयांत गावांच्या तारखा ठरतच राहिल्या, मंडया भरत राहिल्या. हंगाम खरा मोडला तो २०२० च्या हिवाळ्यात, कोरोनाने गर्दीच बंद केली तेव्हा. शर्यतीवर बंदी आली तर निमित्त गेलं. पाहुण्यांवर बंदी आली तर सगळंच गेलं.

म्हणून २०२१-२२ चा हंगाम बारकाईने पाहण्याजोगा आहे. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त मुभा दिली आणि राज्यभर गुलाल उधळला गेला. पण इथलं पंचांग बघा. पाचच दिवसांनी, २१ तारखेला, गोंदिया जिल्हा परिषदेचं मतदान होतं. काही जागांचं १८ जानेवारीला झालं. मधल्या काळात ओमायक्रॉनची लाट आली आणि १० जानेवारीपासून राज्यात नवे निर्बंध लागले. शिवाय २०१७ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकाचा दाखला आणि १००० मीटरच्या आतली धाव हे सगळं आलंच. कागदोपत्री तो पटाच्या पुनरागमनाचा हंगाम; प्रत्यक्षात न्यायालयाने दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर साथ बसलेली होती. घटनापीठाचा अंतिम निकाल तर १८ मे २०२३ ला आला, धान विकून झाल्यावर.

यावर कोणी म्हणेल, नाटक हा एव्हाना स्वतंत्र धंदा झाला आहे, तो टिकला यातून पटाचं दुय्यमपण कसं सिद्ध होतं? धंदा स्वतंत्र झाला हे खरं, पण त्याच्या तारखा स्वतंत्र झालेल्या नाहीत. रोवणीच्या दिवसांत मंडळीला कोणी गावात बोलावत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: निमित्तच होतं तर लोक इतके तळमळले का? त्याचं उत्तर पटाच्या सुरुवातीच्या रेषेवर मिळतं. दोन हलक्या छकड्या शेजारी उभ्या, वेसण धरून दोघे-तिघे बैलांना थोपवतायत, धुरकरी आसूडाविना नुसत्या आवाजावर जोडीला तयार करतोय, आणि झेंडी पडली की सगळा खेळ काही सेकंदांत संपतो. इतक्या थोड्या वेळात एका शेतकऱ्याचं नाव चार जिल्ह्यांत होतं. नाटक पाहुण्याला रात्रभर बसवतं, पण यजमानाला मान देत नाही. पट तो मान देतो, आणि तो गेल्याची हळहळ नाटकाने भरून निघणारी नव्हती.

ज्यावरून बंदी आली तो क्रूरतेचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही, उलट धारदार होतो. पट गेला तर झाडीची संस्कृती बुडेल, हा समर्थकांचा दावा बंदीच्या त्या हिवाळ्यांनी खोटा ठरवला. गावठी वाण पटामुळे टिकतं, हाही युक्तिवाद धानाच्या मुलखात लंगडा आहे: चिखलणी ट्रॅक्टरकडे गेली, आणि पटाचा बैल आता कामाचा बैल उरलेला नाही, तो खुराकावर पोसलेला वेगळाच प्राणी आहे. पण पट म्हणजे निव्वळ जनावरांच्या छळाची हौस, हे विरोधकांचं चित्रही तितकंच अपुरं. नियम पाळून पट व्हावा असं मला वाटतं, मात्र संस्कृतीच्या नावाने नियमांत सूट मागण्याचा हक्क समर्थकांनी गमावला आहे.

हंगामाला खरी कात्री लावणारी गोष्ट न्यायालयात कधी गेलीच नाही. गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण झालं आणि कालव्याखालच्या शेतकऱ्याला, साठा पुरेसा असेल त्या वर्षी, दुसरं पीक घेता येऊ लागलं. उन्हाळी धानाची रोवणी जानेवारी-फेब्रुवारीत येते. ज्या बांधीत पूर्वी पटासाठी माती सपाट करायचे, तिथे त्याच दिवसांत चिखल होतो, आणि यजमान पाहुण्यांच्या पंगतीत नसून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, मागे असतो. कालव्याखालच्या गावाला पट घ्यायचाच असेल तर पाणी सुटण्याआधीची तारीख गाठावी लागते. कोरडवाहू गावाला होळीपर्यंत सवड असते. एकाच तालुक्यात आता दोन लांबीचे हंगाम चालतात.