पुराची रेघ

कृष्णेची सरासरी पातळी किती, असें सांगलींत कोणी कोणास विचारल्याचें मला स्मरत नाहीं. पावसाळ्यांत आयर्विन पुलापाशीं पाणी किती फुटांवर आहे, एवढेंच विश्रामबागेंतला माणूसहि विचारतो. 45 फूट ही धोक्याची पातळी आणि 2019 सालीं पाणी 57 फुटांवर गेलें, हें येथील मुलांनाहि पाठ आहे. उन्हाळ्यांत नदी किती शांत होती, याची चौकशी घरांत पाणी शिरलेला मनुष्य करीत नाहीं.

नदीकांठचें हें शहाणपण यंत्रापुढें बसतांच मी विसरलों! विश्रामबागेंतील एका शिक्षणसंस्थेचा सर्व्हर कांहीं वर्षें माझ्या देखरेखीखालीं होता. त्याची वाहिनी 100 मेगाबिटांची. सेकंदाला फार तर दहा कोटी बिट वाहून नेणारी. ती निकालाच्या दिवशीं पुरेल काय, असें मला विचारण्यांत आलें. मीं महिन्याचा आलेख पाहिला. सर्वांत उंच टेंकाड चाळिसाचें होतें. मोठ्या ऐटींत मीं लिहून दिलें, "भरपूर आहे."

निकालाच्या सकाळीं पान कोणालाच उघडेना. वडिलांबरोबर आलेली एक मुलगी खिडकीशीं येऊन हळूच म्हणाली, "सर, माझाच निकाल राखून ठेवला आहे का हो?" या प्रश्नानें मी जितका ओशाळलों, तितका वरिष्ठांच्या बोलण्यानें ओशाळलों नाहीं.

रात्रीं मीं जुन्या नोंदी उलगडल्या. वाहिनींतून गेलेल्या बाइटांचा आंकडा विजेच्या मीटरासारखा नुसता वाढत जातो. तो दर पांच मिनिटांनीं वाचावयाचा, मागचा आंकडा वजा करावयाचा आणि 300 सेकंदांनीं भागावयाचें, ही एमआरटीजी या 1995 सालच्या साधनाची रीत. परंतु त्याच्या महिन्याच्या आलेखांत प्रत्येक बिंदु दोन तासांची सरासरी असतो, वर्षाच्या आलेखांत संबंध दिवसाची! चांचणीच्या गुणांच्या दिवशीं वाहिनी 48 मिनिटें कांठोकांठ भरली होती, एरवीं जवळजवळ रिकामी. दोन तासांत तिचे झाले चाळीस. वर्षाच्या आलेखांत तीनच उरले असते. पूर येऊन गेला होता. माझ्या भागाकारानें तो पुसून टाकला होता.

आतां मी दर दहा सेकंदांनीं मोजतों, आणि त्यांतला सर्वांत मोठा आंकडा सरासरींत न मिसळतां वेगळा जपून ठेवतों. तरी एक उणीव राहतेच. नदी कांठ सोडून पसरते, म्हणून तिचा पूर दिसतो. वाहिनीचा आंकडा शंभरावर येऊन थांबतो, आणि दाराबाहेर कितीजण तिष्ठत आहेत तें सांगत नाहीं. तें मला त्या मुलीनें सांगितलें.

पूर ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहते. ती पाहूनच लोक पुढच्या वर्षीं सामान किती उंच ठेवावें तें ठरवितात. मीं मात्र आपली भिंत आपल्याच हातानें धुऊन स्वच्छ केली होती.