पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण ज्याचा कोठे पाय ठरत नाही अशा माणसाविषयी म्हणतो. आणि म्हणताना आपल्या स्वरात थोडी कीव असते, थोडी नापसंतीही असते. ऑस्ट्रेलियात मात्र असे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या तरुणांचा एक वर्गच आहे. ‘बॅकपॅकर’ हे त्यांचे तेथील नाव. हे प्रवासी खरे, पण आपण समजतो तसे हौशी सहलकरी नव्हेत. पैसा असेतो हिंडावे, संपला की मिळेल ते काम करावे आणि चार डॉलर गाठीस आले की पुन्हा पिशवी उचलावी, असा त्यांचा क्रम असतो. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलिया सरकारने 1975 साली एक स्वतंत्र परवाना काढला. ब्रिटनसारख्या मोजक्या देशांतील तरुणांना वर्षभर हिंडण्याची आणि हिंडता हिंडता मजुरी करण्याची मुभा त्याने दिली. पुढे त्यात अनेक देशांची भर पडली आणि आज त्या देशातील फळबागा व भाजीचे मळे बऱ्याच अंशी या परक्या मुलांच्या हातांवर चालतात.

मे 2025 मध्ये आम्ही उभयतां ब्रिस्बेन येथे चिरंजीवांकडे गेलो असता उत्तरेकडे बंडाबर्गच्या वाटेने बसचा प्रवास केला. त्या बसमध्ये आमच्या शेजारच्या आसनावर असाच एक इंग्रज तरुण होता. वय तेवीस, राहणार यॉर्कशायर परगण्यातील एका लहान गावचा, उन्हाने नाक सोललेले, आणि पायांशी त्याच्या निम्म्या उंचीची एक पिशवी. त्याचे नाव येथे देत नाही. सौ.ने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे पुढे केले तेव्हा त्याने एकदाही आढेवेढे घेतले नाहीत, आणि तेथून पुढे तीनशे किलोमीटर तो बोलत होता.

जानेवारी 2024 मध्ये तो सिडनीस उतरला. त्याच्या गावी तेव्हा बर्फ, आणि येथे डांबर वितळेल असे ऊन. पहिले काही आठवडे एका उपाहारगृहात बशा धुतल्या. मग दोघे सोबती मिळाले, तिघांनी वर्गणी करून एक जुनी व्हॅन घेतली, आणि पश्चिमेस पर्थपर्यंत निघाले. सिडनी ते पर्थ हे अंतर सुमारे 4,000 किलोमीटर. “आमच्या इंग्लंडात कोठूनही निघा, दोनतीन तासांत समुद्र लागतो,” तो म्हणाला, “येथे दोन दिवस गाडी हाकली तरी नकाशावर बोटभर सरकलेलो नसायचो.” वाटेत नलारबॉर नावाचे झाडांवाचूनचे पठार लागते. या नावाचा लॅटिनमधील अर्थच मुळी ‘एकही झाड नाही’ असा आहे. तेथे रस्त्याचा एक पट्टा 146.6 किलोमीटर एकही वळण न घेता जातो. आपल्याकडे इंदूरहून निघालेला माणूस एवढ्या अंतरात घाट, नदी, दोन तालुके आणि दहा चहाची दुकाने ओलांडतो. तेथे तिघांनी आळीपाळीने गाडी हाकली, आणि ज्याची पाळी नसेल त्याने हाकणाऱ्यास झोप लागू नये म्हणून बोलत राहावे असा नियम केला. एकमेकांची सर्व हकीकत पहिल्याच दिवशी बोलून संपली, तेव्हा पुढे खोटी रचून सांगू लागले.

सूर्य मावळतीला आला की गाडी थांबवावयाची, हा दुसरा नियम त्यांना एका पेट्रोलपंपावरील वृद्धेने घालून दिला. कारण कांगारू त्या वेळी रस्त्यावर येतात आणि दिव्यांच्या झोतात गोंधळून नेमके चाकाखाली उडी घेतात. रात्री त्या रस्त्यांवरून तीनचार डबे जोडलेले मालट्रक धावतात, त्यांची लांबी 53 मीटरपर्यंत असते. अशा एका ट्रकने बाजूने जाताना त्यांची व्हॅन वाऱ्याने हेलकावली, ते सांगताना त्याने दोन्ही हात हवेत धरून दाखवले.

पुढे त्याने कूबर पेडी पाहिले. तेथे 1915 साली ओपल या रत्नाचा शोध लागला. उन्हाळ्याच्या काहिलीमुळे लोक जमिनीच्या पोटात घरे कोरून राहतात, आणि प्रार्थनामंदिरेही भुयारात आहेत. त्याने उलुरू पाहिले. वाळवंटात उभा असलेला हा 348 मीटर उंचीचा तांबडा खडक तेथील अनंगू लोकांचे देवस्थान. 1985 साली ती भूमी त्यांना परत मिळाली आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून खडकावर चढण्यास बंदी झाली. आमच्या या मित्राचे एक मत आम्हांस आवडले. तो म्हणाला, “माझ्या वडिलांनी तरुणपणी त्यावर चढून फोटो काढलेला आहे. मी खाली बसून राहिलो. बसून जास्त दिसते.” देवाच्या डोक्यावर पाय देऊन दर्शन घेण्याची रीत आपल्यालाही कळत नाहीच.

पण वाळवंट काही पोटास घालीत नाही. ऑगस्टमध्ये पैसा संपला, सोबती पांगले, व्हॅन मोडीत निघाली, आणि हा ब्रिस्बेनच्या उत्तरेस एका स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर दाखल झाला. येथपासून त्याच्या बोलण्याचा सूर बदलला. पहाटे साडेचारला उठणे, वाकून सरीतून सरकत जाणे, दुपारपर्यंत पाठ सरळ होईनाशी होणे, हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. तक्रार होती ती मुकादमाविषयी. काम उक्त्यावर, म्हणजे जितक्या किलो फळे तितके पैसे. नवख्याच्या हाताला वेग नसतो. पहिल्या आठवड्याचे पैसे हाती आले त्यातून खाटेचे भाडे आणि मळ्यावर नेण्याआणण्याचे गाडीभाडे कापून घेतलेले. उरले ते पाव-लोण्यापुरते. दुसऱ्या आठवड्यातही तेच. वास्तविक 28 एप्रिल 2022 पासून तेथील कायद्याने उक्त्या कामालाही ताशी किमान वेतनाची हमी दिलेली आहे. माल कितीही कमी भरो, तासांचे पैसे मिळालेच पाहिजेत. सर्वसाधारण किमान वेतन 1 जुलै 2025 पासून ताशी 24.95 डॉलर झाले. परंतु कायदा राजधानीत असतो आणि मुकादम बांधावर, हे आपल्या ऊसतोडणीवाल्यांना वेगळे सांगावयास नको. या पोराने मात्र रोजच्या कामाचे तास एका वहीत लिहून ठेवले होते. वहीच्या आधाराने त्याने ‘फेअर वर्क ओम्बड्समन’ या सरकारी कार्यालयाकडे अर्ज केला. आम्ही भेटलो तेव्हा त्याचा निकाल लागावयाचा होता.

मग त्याच वेळी काम का सोडले नाही, असे सौ.ने विचारले. त्यावर त्याने जे सांगितले ते मुळाशी जाणारे आहे. 2005 पासून असा नियम होता की, दुसऱ्या वर्षाचा परवाना हवा असेल तर पहिल्या वर्षात गावंढ्या भागात शेतीसारखे ठराविक काम तीन महिने, म्हणजे 88 दिवस, केल्याचा दाखला हवा. दाखल्याला कागद लागतात आणि ते मालकाच्या हातून येतात. एका सहीपायी कित्येक मुलांनी निम्म्या पैशात काम केले, आणि मुलींना तर याहून वाईट अनुभव आले. ब्रिटिशांपुरती ही अट 1 जुलै 2024 पासून उठली. दोन्ही देशांतील व्यापारकरारात तसे कलम आहे. म्हणजे हा स्वतः मोकळा होता. “पण माझ्या खोलीत दोन फ्रेंच मुली आणि एक तैवानचा मुलगा होता,” तो म्हणाला. “त्यांना दिवस भरावयाचे होते. इंग्रजीत अर्ज लिहिणारा मी एकटाच. मी गेलो असतो तर त्यांच्या वह्या कोणी लिहिल्या असत्या?” सौ.ने यावर काही न बोलता उरलेल्या पुऱ्यांचा डबा त्याच्या पिशवीत घातला.

त्याच्याच एका देशभगिनीने करासाठी दिलेली लढतही त्याने अभिमानाने सांगितली. 2017 पासून या फिरस्त्यांच्या मिळकतीवर पहिल्या डॉलरपासून 15 टक्के कर बसू लागला, स्थानिक माणसास मात्र ठराविक रकमेपर्यंत माफी. उपाहारगृहात वाढपीण म्हणून राबलेल्या एका ब्रिटिश तरुणीने हा भेद करारविरोधी आहे असे म्हणून दावा लावला, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला.

हे सर्व ऐकताना आम्हांस वरसईच्या विष्णुभट गोडशांची आठवण झाली. घरचे कर्ज फेडावे म्हणून हा कोकणातील भिक्षुक 1857 साली दक्षिणेच्या आशेने हिंदुस्थानात निघाला, बंडाच्या धामधुमीत सापडला, झाशीचा वेढा आतून पाहिला, अनेकदा लुटला गेला आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आला. ग्वाल्हेर-इंदूरकडील आपणा मंडळींचे पूर्वजही याच वाटांनी, कोणी घोड्यावरून तर कोणी पायी, इकडे आले. तेव्हा पाठीवरचे बिऱ्हाड आपल्याला परके नाही. आपण ते फार दिवसांपूर्वी खाली ठेवले, एवढेच.

ही आठवण निष्कारण झाली नाही. भारतातील तरुणांसाठीही 2024 पासून असा परवाना खुला झाला आहे. जागा वर्षाला 1,000, वय 18 ते 30, महाविद्यालयीन शिक्षणाची अट, आणि निवड सोडतीने. आमच्या धाकट्या भगिनीच्या मुलाने अर्ज भरला असून निघण्यापूर्वी तिने आम्हांस बजावले होते, “दादा, तिकडे गेलाच आहात तर डोळ्यांनी पाहून या, आणि पाठवू की नको ते सांगा.” दुसऱ्या वर्षाकरिता शेतकामाची ती अट भारतीय मुलांना अद्याप आहे, ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. भाच्याला होती, पण तो घरी बोलला नव्हता.

चिल्डर्स या गावी आम्ही उतरलो; तरुणही उतरला, कारण पुढच्या मळ्याच्या वसतिगृहाची गाडी संध्याकाळी तेथे येणार होती. चिल्डर्स देखणे गाव आहे. माती गेरूसारखी लाल, तिच्यावर उसाचे हिरवे फड. या भागातील उसाची कथा गोड नाही. 1863 पासून पुढील चाळीस वर्षांत पॅसिफिकमधील बेटांवरून सुमारे 62,000 मजूर क्वीन्सलँडच्या फडांवर आणले गेले, कित्येक फसवून, कित्येक बळाने. आणि 1901 च्या कायद्याने गरज संपल्यावर तोवर तेथे उरलेल्यांपैकी बहुतेकांना परत धाडण्यात आले. बंडाबर्गच्या आसपास त्यांनी शेतांतील दगड वेचून रचलेले बांध अजून उभे आहेत.

गावाच्या मुख्य रस्त्यावर पॅलेस हॉटेलची दुमजली इमारत आहे. तेथे फळतोडणीस येणाऱ्या मुलांचे वसतिगृह होते. 23 जून 2000 रोजी मध्यरात्रीनंतर एका मनुष्याने त्यास आग लावली. धुराची सूचना देणारी यंत्रे चालू नव्हती; वरच्या एका खोलीच्या खिडकीस गज होते आणि बाहेर पडण्याचे एक दार खाटेमुळे अडले होते. पंधरा जण मृत्युमुखी पडले. त्यांतील सात ब्रिटिश. इतर ऑस्ट्रेलिया, हॉलंड, आयर्लंड, जपान व कोरिया येथील. आग लावणाऱ्यास 2002 साली जन्मठेप झाली. त्यानंतर क्वीन्सलँड सरकारने स्वस्त निवासांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक केले.

ती इमारत दुरुस्त करून 2002 मध्ये पुन्हा उघडली. वरच्या मजल्यावर काचेची एक भिंत आहे, तिच्यावर त्या मुलांची प्रवासातील छायाचित्रे: कोणी समुद्रावर, कोणी उंटाजवळ, कोणी नुसते हसणारे. समोर जोसोनिया पालाइटिस या चित्रकर्तीने काढलेले मोठे तैलचित्र आहे. कामाच्या मध्ये घटकाभर विसाव्यास बसावे तशी सगळी मुले शेतात एकत्र बसली आहेत. आम्ही छत्तीस वर्षांत वर्गांची पुष्कळ छायाचित्रे पाहिली आहेत. हे तसेच दिसते, आणि म्हणून त्याच्यापुढे उभे राहवत नाही. सौ. बाकावर बसली. तो तरुण मात्र एकेका चेहऱ्यापुढे थांबत गेला. ज्या वर्षी ही मुले गेली तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. त्याच्या आईस मात्र ती बातमी आठवत होती, आणि येथे येताना तिने त्याच्याकडून एकच वचन घेतले होते: कोठेही खाट निवडण्यापूर्वी मागचे दार उघडून पाहावयाचे.

त्याच रात्री आम्ही भगिनीस पत्र लिहिले. मुलास पाठवावे असे आमचे मत आहे. मात्र त्याच्याजवळ परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे असावेत, ते मजुरीच्या भरवशावर सोडू नयेत; कामाचे तास रोज वहीत मांडावेत; पगाराची चिठ्ठी मागून घ्यावी; पारपत्र कोणा मालकाच्या वा मुकादमाच्या हवाली करू नये; आणि दुसऱ्या वर्षाच्या मोहाने कोणाच्या सहीखाली वाकू नये. दाराविषयीही लिहिले.

संध्याकाळी गाडी आली तेव्हा तरुणाने पिशवी चढवली, पुऱ्यांचा डबा परत करण्याचा प्रयत्न केला, आणि सौ.ने तो करू दिला नाही. आठवड्याने चिरंजीवांच्या फोनवर त्याचा निरोप आला. काम रताळ्यांच्या मळ्यावर, पैसे तासाप्रमाणे, खोली तळमजल्यावर. मागच्या दाराला कुलूप होते, किल्ली व्यवस्थापकाकडे. त्याने तीन दिवस पाठपुरावा केला, आता कुलूप काढून आतून कडी बसवली आहे. लोणचे संपले आहे.