किनारा नसलेला दिवस

मंगरूळपीरच्या माणसाने समुद्रावर काही लिहावे, याला तसा आधार नाही. आमच्या गावाला दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे, बिरबलनाथांची यात्रा आहे, तूर-सोयाबीन-कपाशीची काळी जमीन आहे; समुद्र मात्र जवळ म्हणावा असा एकही नाही. अरुणावतीचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी नावे बदलत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. पाऊस येतो त्यात अरबी समुद्राचाही वाटा असतो. म्हणजे समुद्राशी आमचा व्यवहार आहे, पण तो सगळा परस्पर.

आणि तरीही आम्ही दोघांनी मिळून साठ वर्षे समुद्र शिकवला. मराठीचे शिक्षक असल्यामुळे तो टाळता येत नाही. सावरकरांची ‘सागरास’ शिकवली, कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ शिकवले, ज्ञानेश्वरीतल्या सागराच्या उपमा उलगडून दाखवल्या. ‘भवसागर’ या शब्दाचा समास तर इतक्या वेळा सोडवला की त्यातले पाणी केव्हाच आटून गेले. १९९४ साली (तेव्हा मंगरूळपीर अकोला जिल्ह्यात होते) नववीच्या वर्गात ‘गर्वगीत’ रंगात आलेले असताना मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “तुम्ही पाह्यला का समुद्र?” उत्तर आले, “हो, पाहिला आहे.” ते धादांत खोटे होते. हे उत्तर आमच्यापैकी कुणी दिले हे सांगण्याचे कारण नाही. दुसऱ्याने त्या जागी असता तर तेच दिले असते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे.

पुढे एका लग्नानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा गिरगाव चौपाटीवर अर्धा तास उभे राहिलो. पावले ओली केली आणि खोटे निदान उशिरा का होईना खरे झाले असे मानून टाकले. पण मनात कुठेतरी माहीत होते की, काठावरून पाहिलेला समुद्र हा मुख्यतः काठच असतो.

निवृत्तीनंतर मुलीने हट्टाने तिकिटे काढली. २०२३ चा डिसेंबर. मुंबईहून कोची, तिथून लक्षद्वीप आणि परत मुंबई, असा पाच रात्रींचा प्रवास. ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सँ-नाझेरला बांधलेले. तेव्हा त्याचे नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होते. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला उमेदीची वर्षे घालवून उतारवयात ते आपल्याकडे आले. आम्हांला त्याच्याविषयी आपुलकी वाटायला एवढे कारण पुरेसे होते. पहिली संध्याकाळ सामान लावण्यात, जिने चुकण्यात आणि मुंबईचे दिवे मागे पडताना पाहण्यात गेली. या लेखाचा विषय मात्र दुसरा दिवस आहे. त्या दिवशी जहाज कुठेच थांबणार नव्हते.

सकाळी सहाला सवयीने जाग आली. डेकवर गेलो. चारही दिशांना काही नव्हते. ‘काही नव्हते’ हे वाक्य आम्ही वर्गात कितीदा तरी शब्दशक्ती समजावताना वापरले असेल, पण ते अभिधेने कधी वापरता येईल असे वाटले नव्हते. पंचवीसेक मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे अठरा किलोमीटरवर दिसते, असा हिशेब आहे. म्हणजे तालुक्यातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जावे इतकेच. एवढ्याच वर्तुळात आम्ही होतो, आणि ते वर्तुळ आमच्याबरोबर चालत होते. वारा जेमतेम. लाटा नव्हत्याच. नांगरून वखरलेल्या शेतावरून हात फिरवावा तशी पाण्याची पाठ हलत होती. ही उपमा साहित्यिकांना ओबडधोबड वाटेल. पण त्या क्षणी हीच सुचली, आणि तीस-तीस वर्षे पुस्तकातून शिकवलेल्या उपमांपैकी एकही मदतीला आली नाही, हे नमूद करून ठेवतो.

खोलीच्या दाराशी दिवसाच्या कार्यक्रमांचा कागद सरकवलेला होता. योगासने, तंबोला, सिनेसंगीतावर नाच, रात्री जादूचे प्रयोग. आम्ही यांतले काहीच केले नाही. आणि काहीच न करणे किती अवघड असते, ते अकराच्या सुमारास कळले. शाळेची घंटा होऊन बराच वेळ झाला होता आणि आम्ही वर्गावर नव्हतो! हात रिकामे होते. एकाने घरून आणलेला दिवाळी अंक उघडला, दुसऱ्याने पाचव्यांदा विचारले, “अहो, गॅस बंद केला होता ना?” पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नसते, शिंगे रंगवलेली, अंगावर झूल, पुढ्यात पुरणपोळी. त्या दिवशी बैलाला नेमके काय वाटत असेल, याचा विचार इतक्या वर्षांत केला नव्हता. झूल बोचत असणार.

मग आम्ही, दोघे मराठीचे मास्तर करणार तरी काय, मराठीतला समुद्र आठवू लागलो. कलिवर्ज्यांच्या यादीत समुद्रयान घालून आपल्या शास्त्रकारांनी हा विषय कित्येक शतके बंदच केला होता. संतांनी समुद्र घेतला तो तरून जाण्यासाठी. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. सोबत घरचे कुणी नाही. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन बोटीने इंग्लंडला गेल्या, आणि त्यांचा ‘इंग्लंडचा प्रवास’ पत्ररूपाने छापला गेला. या बायकांच्या प्रवासात असे किनारा नसलेले दिवस दोन-चार नव्हे, आठवड्यांनी मोजावेत इतके होते. पण त्यांना विश्रांतीचा दिवस म्हणण्याची कुणाची छाती होईल? मागे निंदा करणारा समाज, पुढे अनोळखी थंडी. कोकणच्या लोकांचा समुद्र आणखी वेगळा. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या बाजूच्या घरांमधून समुद्राविषयी जपून बोलले जाते.

म्हणजे मराठीत समुद्र आहे तो ओलांडण्याचा, ताटातुटीचा, झुंजीचा, मरणाचा. निवांत समुद्र जवळपास नाहीच. याला आपल्या लेखकांची उणीव म्हणावे का, यावर आमच्यात थोडा वाद झाला. एकाचे म्हणणे, आपल्याला सुखाचे लिहिताच येत नाही. दुसऱ्याला हे मान्य नव्हते, आणि त्या बाजूने जे बोलले गेले ते अजून पटते. ‘सागरास’ ही कविता १९०९ मध्ये ब्रायटनच्या काठावर उभे राहून झालेली आहे. समुद्राला दटावायचे, विनवायचे, तर आधी त्याच्या समोर उभे राहावे लागते. संबोधनाला दोन बाजू लागतात. कोलंबस भर समुद्रात आहे खरा, पण वादळामुळे समुद्र त्याचा प्रतिस्पर्धी झाला आहे. आणि इथे? वादळ नाही, काठ नाही, कुणी आपल्याला कुठून हाकलले नाही की कुणी कुठे वाट पाहत नाही. हाक मारायची तरी कुणाला? आठ विभक्तींपैकी संबोधन तेवढे गळून पडले होते. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. त्या दिवसातला तो सर्वांत चांगला वेळ होता, आणि त्याविषयी अधिक लिहिता येत नाही ही आमची मर्यादा समजावी.

दुपारी चहा देणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. आमची मराठी ऐकून थांबला.

“काका-काकू, कुठचे तुम्ही?”

“वाशीम.”

“वाशी म्हणजे नवी मुंबईच की!”

वाशीम कुठे, मंगरूळपीर कुठे, हे सांगताना टेबलावर बोटाने नकाशा काढावा लागला. तिथून समुद्र किती लांब, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, रात्रभराचा प्रवास. तो हसला. त्याचे वडील मासेमारी करणारे. घरातला हा पहिलाच जो पाण्यात जाळे न टाकता पाण्यावर कमावतो. “आज किनारा नाही ना, आज आम्हांला जास्त काम. सगळी माणसं बोटीवरच,” असे म्हणून तो पुढच्या टेबलाकडे गेला. आमच्या रिकाम्या दिवसाला खालच्या मजल्यावर कुणीतरी वल्ही मारीत होते, हे तोवर ध्यानात आले नव्हते. पोळ्याला बैल सुटतात. पुरण वाटणारी बाई सुटत नाही.

रात्री जेवणानंतर पुन्हा डेकवर. दिवे मागे टाकून पुढच्या अंधाऱ्या टोकाशी गेलो तेव्हा आकाश खाली उतरले होते. तिथे तो १९९४ चा वर्ग आठवला. ‘नाही, पाहिला नाही’ असे सांगितले असते तर काय बिघडले असते? कदाचित पोरांनी विचारले असते, मग शिकवता कसा? आणि मग खरा तास झाला असता. न पाहिलेली गोष्ट शब्दांतून कशी दिसते, हाच तर आमच्या विषयाचा गाभा होता. नेमका तोच प्रश्न आम्ही एका खोट्या होकाराने मिटवला.

सकाळी कोची जवळ आले तशी मोबाइलला रेंज आली. तो मुलगा आता पंचेचाळिशीकडे झुकलेला, गावातच शेती करतो; त्याचा नंबर आमच्याकडे होता. मनाची तयारी करून फोन लावला. सांगितले, बोटीवरून बोलतो आहोत, चहूकडे समुद्र आहे, तुझी आठवण झाली. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

पण तो आमचे पुरते ऐकून घेण्याच्या स्थितीत नव्हता. “तिकडं आभाय हाये का?” त्याने घाईने विचारले. “इकडं दोन दिसापासून धुई पडून रायली. तुरीचा फुलोरा झडून रायला.”

आम्ही वर पाहिले. आभाळ निरभ्र होते. तसे त्याला सांगितले.