पाण्यात उभी राहिलेली पिकअप अन् क्लचचा खालचा सिलेंडर

आज पिकाचं काही नाही, गाडीचं लिहितो. पण हे पेरणीशीच जोडलेलं हाय.

2025 च्या सप्टेंबरात आपल्या परंडा-भूम भागात काय झालं ते सांगायची गरज नाही. सीनेचं पाणी शिवारात घुसलं, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. आमची जुनी पिकअप शेडात होती, अर्धी चाकं पाण्यात. पाणी ओसरल्यावर धुतली, चालू केली, चालली. सगळ्यांना वाटलं, वाचली.

दीड महिन्यानं हरभऱ्याचं बी अन् खत आणायला बार्शीला जायचं होतं. रानाला वापसा उशिरा आलेला, एकेक दिवस मोलाचा. क्लच दाबला तर पेडल सरळ खाली, वर यायलाच तयार नाही. गिअर टाकताना करकर. एका गॅरेजला फोन केला. गाडी न बघताच सांगितलं, "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागंल, दोन-तीन दिवस सोडा." सोयाबीन पाण्यात गेलेल्या माणसाला दोन-तीन दिवस अन् गिअरबॉक्सची मजुरी, दोन्ही परवडत नाहीत.

आता प्लेट गेली की काय होतं? इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही, चढाला जळका वास येतो. इथं तसलं काहीच नव्हतं. मी पेडल भराभर चार-पाच वेळा मारलं, लगेच गिअर टाकला, तर पडला! म्हणजे प्लेट शाबूत, दाब कमी पडतोय. हे प्रत्येकानं करून बघावं, पैसे लागत नाहीत.

ज्या गाडीचा क्लच ऑईलवर चालतो तिथं दोन सिलेंडर असतात. पेडलजवळ वरचा, म्हणजे मास्टर. गिअरबॉक्सच्या बाजूला खालचा, म्हणजे स्लेव्ह. पायानं वर ऑईल दाबलं की तोच दाब पाईपातून खाली येतो, खालचा दांडा क्लचचा काटा ढकलतो. दहावीला पास्कलचा नियम पाठ केला होता, तो हाच. (ट्रॅक्टरवाल्यांनी घाबरू नये, आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना नुसता दांडा असतो.)

ऑईलचा डबा निम्मा रिकामा. पेडलच्या वरच्या बाजूला हात फिरवला, कोरडं. खाली वाकून खालच्या सिलेंडरचं रबरी टोपण मागं सारलं तर ऑईल अन् चिखल ठिबकला. टोपण एका बाजूनं फाटलेलं. पुराचं पाणी तिथूनच आत गेलेलं.

शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर पोरगा बार्शीला गेला. दुकानदार म्हणाला नुसती वॉशर किट घ्या, स्वस्तात होईल. मी पोराला फोनवर सांगितलं, पूर्ण सिलेंडरच आण. जुना खोलला तेव्हा ते पटलं. आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे, नखाला लागत होते. असल्या भिंतीवर नवीन रबर महिनाभरात कापलं जातं. भिंत गुळगुळीत असेल तरच किट बसवावी.

काम अवघड नाही. हँडब्रेक ओढला, पुढंमागं दगड लावले. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधी शिरू नये. पाईपाचा नट आधी सैल केला, तो नटाच्याच मापाच्या पान्यानं. साध्या पान्यानं कोपरे गोल झाले की पाईपच बदलावा लागतो. मग दोन बोल्ट काढले, नवा बसवला, दांड्याच्या टोकाला बोटभर ग्रीस.

खरी मेहनत हवा काढायची. मोनोब्लॉकनं हवा धरली की मोटार फिरते पण पाणी येत नाही, तसंच हे. हवा दबते, ऑईल दबत नाही. निपलला सलाईनची नळी लावली, दुसरं टोक बाटलीतल्या ऑईलात बुडवलं. घरची मंडळी सीटवर, मी खाली.

"दाबा!"

"दाबलं."

निपल सैल, बुडबुडे, निपल घट्ट.

"सोडा."

असं वीस-बावीस वेळा. "विहिरीवर मोट हाकल्यासारखं झालंय हे," असं वरून ऐकू आलं. मधेमधे पोरगा डबा भरत होता, तो रिकामा झाला की परत हवा जाते. बुडबुडे थांबले अन् पेडल पायाला टणक लागलं.

ऑईल टाकताना झाकणावर बघा, डॉट थ्री का डॉट फोर. इंजिनचं किंवा ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑईल बिलकूल टाकू नका, रबर फुगतं अन् दोन्ही सिलेंडर जातात. फोडून ठेवलेली जुनी बाटलीही नको, ते ऑईल हवेतलं पाणी ओढतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उतरतो. अन् काही नव्या गाड्यांत हा सिलेंडर गिअरबॉक्सच्या आतच असतो, तिथं घरी हात घालू नका.

दुसऱ्या दिवशी बी-खत आणलं, तिसऱ्या दिवशी पेरणी सुरू. पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं गिअर ऑईलही तपासा. आमचं दुधाळ निघालं, चहासारखं, बदललं. आता मागच्या डिफरन्शियलचं बघायचंय. त्याचा बोल्ट गंजून असा बसलाय की दोन दिवस झाले डिझेल सोडतोय.