'मेरिट' गळ्यात असतं की कानात?



टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेची फायनल झाली की आपल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नसतो. कोण बेसूर झालं, कुणावर अन्याय झाला, परीक्षक कुणाकडे झुकले. भांडू द्या, गाण्यावर भांडणारा समाज जिवंत असतो. पण या भांडणात एक वाक्य हमखास येतं: "तो मतांवर जिंकला, मेरिटवर नाही." हे वाक्य कुठं तरी ऐकल्यासारखं वाटतं ना? मेडिकलच्या अॅडमिशनपासून नोकरीच्या यादीपर्यंत आपण हेच ऐकत आलोय. म्हणून आज या 'मेरिट'बद्दल लिहितोय.

फेब्रुवारी २००९ आठवा. झी मराठीच्या 'सारेगमप लिटल चॅम्प्स'च्या अंतिम फेरीत पाच मुलं होती: आर्या आंबेकर, कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत. कार्तिकी जिंकली आणि घराघरांत दोन तट पडले. आर्याच जिंकायला हवी होती, असं म्हणणारे आजही भेटतात. त्या पाचही लेकरांशी माझं काही भांडण नाही, पाचही जण गुणीच होते. माझा प्रश्न ऐकणाऱ्यांना आहे. आर्याबद्दल बोलताना लोक 'तयारी', 'बैठक', 'रियाज' हे शब्द वापरायचे. कार्तिकीबद्दल बोलताना 'मातीतला आवाज', 'रांगडा गळा', 'दैवी देणगी'. बघा फरक. एकीची मेहनत मेहनत म्हणून मोजली गेली, दुसरीची निसर्गाच्या खात्यावर टाकली गेली. खड्या आवाजात, वरच्या पट्टीत, शब्द न सांडता अभंग म्हणायला रियाज लागत नाही, हे कुणी ठरवलं? कष्टकऱ्याच्या हातातल्या कसबाला 'अंगमेहनत' म्हणून स्वस्तात काढायची या देशाची जुनी सवय आहे. गळ्याच्या बाबतीतही तेच होतं.

माझे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. एप्रिल महिन्यात ते घरी फक्त झोपायला यायचे. जयंतीच्या रात्री दोन पार्ट्यांचा सामना असायचा. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं तिथल्या तिथं जवाब बांधायचा. समोर सतरंजीवर बसलेल्या आयाबाया हेच परीक्षक. महाडच्या सत्याग्रहाचं साल चुकलं की पुढच्या रांगेतून आवाज यायचा, "शाहीर, नीट सांगा!" आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला का, शब्द कळला का, प्रसंग खरा उभा राहिला का, या त्यांच्या कसोट्या होत्या. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशाच श्रोत्यांपुढे गाऊन मोठे झाले. हेही विद्यापीठच होतं. फक्त त्याच्या पदवीला बाहेर किंमत नव्हती.

आता दुसरी बाजू. लोकांची मतं म्हणजे न्याय, असंही मी म्हणणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत 'एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य' हे तत्त्व मांडलं. एसएमएसच्या मतदानात एका माणसाची शंभर मतं पडू शकत होती, फक्त खिशात तेवढे पैसे हवेत. नेहमीपेक्षा महाग एसएमएस, आणि कमाई फोन कंपनीची व चॅनेलची. याला लोकशाही म्हणायचं?

तरी २००७ चं 'इंडियन आयडॉल' विसरता येत नाही. फायनलला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसातला शिपाई, आणि समोर शिलाँगचा अमित पॉल. अमितचा गळा जास्त घोटलेला होता, हे माझंही मत. पण दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गण्या काढून एसएमएस पाठवले आणि प्रशांत जिंकला. का? ज्या समाजाला देशानं फक्त 'बहादूर' म्हणून, वॉचमन म्हणून ओळखलं, त्याला आपला माणूस मंचावर दिसला. त्यानंतर एका रेडिओ निवेदकानं नेमकी वॉचमनकीवरूनच थट्टा केली आणि सिलिगुडीत दंगल पेटली, संचारबंदी लागली. ज्या बिमल गुरुंग यांनी प्रशांतसाठी मोहीम चालवली, त्यांनी त्याच ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला. "गाण्याचीच तर स्पर्धा आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्या लोकांचं चुकलं का? मला तसं वाटत नाही. त्यांनी प्रतिनिधित्वाला मत दिलं. प्रतिनिधित्व हा हक्क आहे, तो लपवायचं कारण नाही. पण प्रतिनिधित्वाला मत देणं वेगळं आणि गाण्याची पारख करणं वेगळं. 'आपला आहे' म्हणून मत दिलं तर ते ताठ मानेनं सांगा. गाण्यावर बोलायची वेळ आली की मग कानानं बोला.

आमच्या वस्तीतली एक मुलगी मध्यंतरी ऑडिशनला गेली होती. तिला विचारलं गेलं, "भीमगीत सोडून काय येतं?" ती सिनेमाचं गाणं गायली, निवड झाली नाही. जातीमुळं नाकारली असं मी म्हणत नाही, कदाचित सूर हलला असेल. पण त्या 'सोडून'चं काय? "अभंग सोडून काय येतं?" असं कुणी विचारतं का? प्रल्हाद शिंदेंचा नातू आदर्श शिंदे टीव्हीवर परीक्षकाच्या खुर्चीत बसला, याचा अभिमान आहे. पण एक खुर्ची मिळाली म्हणजे ऐकणारे कान बदलले असं होत नाही. ते काम आपलं आहे.

म्हणून पोरांनो, तीन गोष्टी करा. एक, भांडताना 'रांगडा', 'गावरान' हे शब्द टाका. सूर, ताल, शब्द, दमसास यावर बोला. दोन, हरलेल्या लेकराला शिव्या घालू नका, ते आपलं असो वा नसो. तीन, आपल्या भागातल्या म्हाताऱ्या गायकांकडे जा, त्यांची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करा, गायन पार्टीला जयंतीचं मानधन वेळेवर आणि पूर्ण द्या. चॅनेल उद्या नवा सीझन आणेल. वस्तीतला शाहीर गेला तर त्याच्यासोबत शे-दोनशे गाणी जातील, आणि त्यांना परत आणायला कुठलाच एसएमएस चालणार नाही.

जय भीम!