कोणतं घड्याळ चालू आहे?

चि. सायलीस,


तू पाठवलेलं पॅकेट कॅप्चर काल रात्री सावकाश पाहिलं. सर्व्हर रीस्टार्ट होऊन वर आला, पिंग लागलं, लॉगिनही झालं, तरी लॅबमधली यंत्रं त्यानंतर दीड मिनिट गोठून बसली. त्यावर तुमच्या व्हेंडरने टीसीपीचे टाइमआउट कमी करा आणि एनएफएस (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायची सोय) सॉफ्ट माउंट करा, असं सांगितलं. यातलं काहीही लगेच करू नकोस. का ते लिहितो, म्हणून पत्र जरा लांबेल.

रीस्टार्टनंतरचा असा उशीर बहुतेक वेळा बिघाडाचा नसतो. कुठेतरी एक घड्याळ लावलेलं असतं आणि ते संपेपर्यंत कुणीतरी मुद्दाम थांबलेलं असतं. ते घड्याळ कुणाचं हे आधी शोधायचं, आणि मगच सेटिंगला हात लावायचा. किती सेकंद गेले हा आकडाच बरंच काही बोलतो. स्विचच्या पोर्टवर जुना स्पॅनिंग ट्री चालू असेल, तर केबलचा दिवा लागल्यावरही १५ आणि १५ असे ३० सेकंद पॅकेट पुढे जात नाहीत. सर्व्हरचा प्रोग्रॅम ‘पत्ता आधीच वापरात आहे’ म्हणून मिनिटभर सुरूच होत नसेल, तर लिनक्सचा ६० सेकंदांचा टाइम-वेट आठवायचा. आणि बरोबर दोन तास गेले असतील, तर कीपअलाइव्हचे ७२०० सेकंद. नुसतं ऐकत बसलेल्या क्लायंटला समोरचा मरून परत आल्याचं कळायला दुसरा मार्ग नसतो. त्याने स्वतः काही पाठवलं, तरच उत्तरादाखल रीसेट येणार.

आता तुझं कॅप्चर. क्लायंटने नव्या जोडणीसाठी पहिला सिन पाठवला, तो शून्य सेकंद धर. पुढचे सिन १, ३, ७, १५, ३१ आणि ६३व्या सेकंदाला आहेत. दर वेळी थांबणं दुप्पट. (अलीकडच्या कर्नलमध्ये सुरुवातीचे काही प्रयत्न सेकंदासेकंदाने होतात, तुमची यंत्रं जुनी आहेत.) लॅब आणि सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनवर असल्यामुळे मधल्या राउटरच्या एआरपी टेबलात सर्व्हरची नोंद ताजीच होती. त्यामुळे ‘यंत्र सापडत नाही’ असा निरोपही क्लायंटला कुणी दिला नाही. सर्व्हरच्या लॉगप्रमाणे एनएफएस ४०व्या सेकंदाला सुरू झालं. म्हणजे ३१चा सिन वाया गेला, ६३च्या सिनला उत्तर मिळालं आणि मधले २३ सेकंद सर्व्हर तयार असूनही क्लायंट गप्प बसला. व्हेंडरने बोट ठेवलं ते इथे.

या दुपटीमागेही कारण आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि यूसी बर्कली यांच्यामधल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. गर्दीत हरवलेलं पॅकेट प्रत्येक यंत्र घाईने पुन्हा पाठवत होतं आणि गर्दीत भरच घालत होतं. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी त्यावर जे काम केलं, ते १९८८ च्या निबंधात आहे. तो निबंध तू वाचच. पुन्हा पाठवताना दर खेपेला अधिक थांबण्याला तिथे फार महत्त्व आहे.

पण खरी गोष्ट ६३व्या सेकंदानंतर सुरू होते. जोडणी झाली आणि क्लायंटने फाइल उघडायची विनंती केली. सर्व्हरने लगेच उत्तर दिलं: ग्रेस. क्लायंटने थोडं थांबून पुन्हा विचारलं, पुन्हा ग्रेस. हे १३०व्या सेकंदापर्यंत चाललंय. १३० वजा ४०, नव्वद. लिनक्सवर एनएफएस आवृत्ती ४ चा ग्रेस काळ मुळात ९० सेकंदांचाच असतो. म्हणजे व्हेंडरच्या सल्ल्याने ते २३ सेकंद वाचवले असते, तरी लॅब १३०व्या सेकंदालाच सुटली असती. ते २३ सेकंद या नव्वदातच होते.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात एनएफएस आणलं, तेव्हा सर्व्हरने क्लायंटची कसलीच आठवण ठेवू नये असा त्याचा बेत होता. सर्व्हर पडला की क्लायंटने तेच मागणं पुन्हा करत राहायचं, बस्स. आवृत्ती ४ मध्ये कुलपं आणि उघड्या फाइलींची स्थिती प्रोटोकॉलमध्येच आली, आणि सर्व्हर पडला की ही आठवण पुन्हा जुळवण्याची जबाबदारीही आली. एसटी वाटेत बंद पडून दुसरी गाडी आली, की चांगला कंडक्टर आधी जुन्या प्रवाशांना त्यांच्या जागा देतो, मग स्टँडवरच्या नव्यांना वर घेतो. ग्रेस म्हणजे तेच. ज्याच्याकडे फाइलीचं कुलूप होतं, त्याने येऊन ते परत मागावं म्हणून ही वेळ.

हा काळ दहा सेकंदांवर आणला तर काय होईल, बघ. एका विद्यार्थिनीचं यंत्र अजून जोडलेलं नाही, तेवढ्यात दुसऱ्याने तिच्या फाइलीवर कुलूप घेतलं. ती परत आली, पण तिचा हक्क गेलेला. दोघांचे प्रोग्रॅम आपणच मालक असल्यासारखे लिहायला बसले, तर वर्षभराच्या कामाचा विचका होतो. सॉफ्ट माउंटचंही तसंच. वेळ संपली की तो प्रोग्रॅमच्या हातात एरर ठेवतो, आणि लिहिताना आलेली एरर तपासणारे प्रोग्रॅम फार थोडे असतात. फाइल अर्धी राहते आणि कुणाला कळतही नाही. हार्ड माउंट गोठतो, पण डेटा राखतो. मुलांनी दीड मिनिट पडद्याकडे बघत बसणं मला चालेल, त्यांचं काम गेलेलं चालणार नाही. तुलाही चालणार नाही हे मला माहीत आहे.

मात्र नव्वदचे नव्वद सेकंद दर वेळी घालवायलाच हवेत असं नाही. आवृत्ती ४.१ पासून क्लायंट ‘माझं सगळं परत घेऊन झालं’ असं सर्व्हरला कळवतो. सर्व्हरच्या नोंदीतले सगळे क्लायंट परतले, की लिनक्सचा सर्व्हर ग्रेस आधीच संपवू शकतो. कुणी परतलंच नाही, तर मात्र पूर्ण वाट पाहतो. तुमचे माउंट कॅप्चरमध्ये ४.० दिसतात. कदाचित कुणीतरी जुन्या काळी एफएसटॅबमध्ये तसं लिहून ठेवलं असेल. बदलायचं तर ते बदल, आधी एका यंत्रावर.

एका शक्यतेकडे लक्ष ठेव. वीज जाऊन सर्व्हर अचानक पडला, तर क्लायंटकडे जुनी जोडणी जिवंतच राहते आणि पुन्हा पाठवण्यामधलं अंतर वाढत वाढत दोन मिनिटांवर जातं. सर्व्हर परत आला की त्या जुन्या जोडणीच्या पॅकेटला रीसेट मिळतो आणि क्लायंट नवी जोडणी करतो. पण फायरवॉल असं अनोळखी पॅकेट गुपचूप गिळत असेल, तर रीसेट येतच नाही. साधा प्रोग्रॅम मग पंधरा मिनिटांच्या वर लोंबकळतो. एसएस कमांडला टायमर दाखवायला सांगितलंस, तर पुढचा प्रयत्न किती सेकंदांनी आहे हे समोरच दिसतं.

रविवारी लॅब रिकामी असेल. तेव्हा एका क्लायंटवर आणि सर्व्हरवर एकाच वेळी कॅप्चर लावून रीस्टार्ट कर. त्याआधी दोन्हींची घड्याळं एनटीपीने जुळलेली आहेत ना, ते बघ, नाहीतर दोन कॅप्चर एकमेकांशी लावताना जीव जाईल. दोन्ही फाइली मला पाठव, आणि व्हेंडरला तोवर सांग की तपास चालू आहे.

तुझा
मामा